छपराबाहेरचे कवितावाचन

या स्मरणिकेत अन्यत्र आपल्या विद्यालयाच्या सभागृहाचे छायाचित्र छापले आहे. ज्यांनी पगारातून, पेन्शनीतून, मजुरीतून आणि काहींनी तर सिमेंटच्या एकेका गोणीच्या रूपाने दान देऊन ते उभे केले, त्यांच्या ऋणाचा उल्लेख इतर लेखांतून झाला आहेच. आम्ही विद्यालयाचे वाङ्मय मंडळ चालविणारे शिक्षक आहोत. आम्हांस त्या सभागृहातील मागच्या काही रिकाम्या रांगांविषयी लिहावयाचे आहे, आणि त्यावरून एक मागणीही करावयाची आहे.

आपले स्नेहसंमेलन जानेवारीत होते. प्रतिमांना पुष्पे वाहून, त्रिसरण-पंचशील घेऊन कार्यक्रमास आरंभ होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विद्यार्थ्यांचे कवितावाचन असते. मुले कविता मनापासून लिहितात. त्यांतील बहुतेक आईवर असतात, काही वडिलांवर, काही घराच्या कुलपावर. कुलपावर अशासाठी की आपल्या पुष्कळ मुलांच्या घरांना दिवाळीनंतर कुलूप लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ या हिशेबाने ती अंगावर असते. आणि ती फेडण्यासाठी मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऊसतोडीला जातात. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो तो मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. स्नेहसंमेलन त्याच्या ऐन मध्यावर येते. म्हणजे कविता आईवर, टाळ्या पाहुण्यांच्या, आणि आई दोनशे किलोमीटर दूर उसाच्या फडात.

ही गोष्ट इतकी वर्षे आमच्या लक्षात आली नव्हती, हे लिहिताना संकोच वाटतो. लक्षात आली तेव्हा पहिला विचार तारीख बदलण्याचा झाला. पण मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, मे महिन्यात वसतिगृह रिकामे, आणि जूनमध्ये पालक परतलेले असले तरी पेरणीच्या गडबडीत. तारीख हलेना, तेव्हा जागा हलवावी असे ठरले. सभागृहातले कवितावाचन सभागृहात होईलच. पण त्याआधी एक वाचन ऊसतोड कामगारांच्या तळावर, त्यांच्या कोप्यांसमोर व्हावे, असा प्रस्ताव मंडळाच्या बैठकीत आला आणि फारशा चर्चेविना मंजूर झाला. चर्चा पुढे व्हायची होती.

ज्यांनी तळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कारखान्याच्या परिसरात एखादे माळरान किंवा पडीक रान असते. तिथे बांबूच्या कमानींवर चटया, पाचट आणि प्लास्टिकचा कागद ताणून कोप्या उभ्या राहतात. आत जाताना वाकावे लागते. बाहेर तीन दगडांची चूल, बाजूला बैल, टायरगाड्या, विकण्यासाठी बांधून ठेवलेले वाढे. पहाटे तीन-चारला बाया उठतात, भाकऱ्या थापून फडात जातात. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे, आणि मग ट्रक किंवा ट्रॅक्टर येईल तेव्हा मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडी भरणे. गाडी संध्याकाळी येईल, रात्री अकराला येईल, तिचा नेम नसतो.

हे सर्व आम्हांस ऐकून ठाऊक होते. तरीही पहिल्या वर्षी आम्ही तिथे सभागृहच घेऊन गेलो. फलक नेला, ध्वनिक्षेपक नेला, तो चालविण्यासाठी जनरेटर नेला. अठरा कवितांचा क्रम छापून नेला, आणि (आज हसू येते) प्रमुख पाहुण्यांसाठी चार प्लास्टिकच्या खुर्च्याही टेम्पोत टाकल्या. वेळ सहाची ठेवली होती. सहाला बाया चुलीपुढे होत्या. साडेसातला माणसे जमली, प्रास्ताविक झाले, स्वागत झाले, आणि चौथी कविता चालू असताना कुणीतरी ओरडले, ‘गाडी आली!’ निम्मा तळ उठला. सातवीतल्या एका मुलाची कविता पाचवी होती. त्याने हातातला कागद आमच्याकडे दिला आणि तो आई-वडिलांमागे अंधारात गेला. दीड तासाने परतला तेव्हा त्याच्या केसांत पाचट होते आणि आम्ही ध्वनिक्षेपकाच्या वायरी गुंडाळत होतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही मुकादमाला विचारून गेलो. कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची रांग लागली की तळावर गाडी येत नाही, हे त्यांनीच सांगितले. तेव्हा दिवस आधी ठरवायचा नाही, सकाळी फोन आला की निघायचे. मुलांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय जवळच्या एका गावच्या विहारात झाली. ध्वनिक्षेपक नेला नाही. फलक नेला नाही. जेवणे उरकल्यावर शेकोटीभोवती माणसे गोल बसली आणि मुले एकेक करून मधे उभी राहू लागली.

तिथे पहिली गोष्ट कळली ती कागदाविषयी. शेकोटीच्या उजेडात अक्षर दिसत नाही आणि माळावरचा वारा कागद धरू देत नाही. ज्या मुलांना आपली कविता पाठ होती त्यांनीच ती नीट म्हटली. ज्यांना नव्हती त्यांनी मधल्या ओळी गाळल्या, आणि गंमत म्हणजे त्यांतील काही कविता त्यामुळे सुधारल्या. दुसरी गोष्ट आवाजाविषयी. उघड्यावर आवाज विखुरतो, भिंतीवर आदळून परत येत नाही. लहान मुलाचा आवाज चाळीस-पन्नास माणसांच्या कोंडाळ्यापलीकडे जात नाही. म्हणून कोंडाळे लहान ठेवावे लागते आणि ऐकणाऱ्याला पुढे सरकावे लागते. सभागृहात ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली की आपली मुले भाषण केल्यासारखी कविता वाचतात. स्पर्धांनी त्यांना ती सवय लावली आहे. इथे त्यांना समोरच्या माणसाशी बोलल्यासारखे वाचावे लागले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आठवीतल्या एका मुलाने उसाच्या फडावर कविता म्हटली. तिच्यात कोयता होता, घाम होता, मोळी होती. सभागृहात असती तर तिला पारितोषिक मिळाले असते. इथे म्हटल्यावर क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग मागून एक बाई म्हणाल्या, “बाळा, समदं लिव्हलंस, पण पाचटाची कूस नाही लिव्हली. कोयत्यानं हात कापतो ते कवातरी. कूस रोज टोचती, रातभर अंग खाजतं.” उसाच्या पानावर जी बारीक लव असते तिला कूस म्हणतात. ती कपड्यांतून अंगात शिरते, मानेला, हातांना लागते, आणि अंघोळीला पाणी पुरेसे नसेल तर तिच्यासकटच झोपावे लागते. मुलगा ऊसतोड कामगाराचाच. पण लहानपणापासून वसतिगृहात राहिलेला. त्याला हे ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून कवितेत लिहिण्याजोगे वाटले नव्हते. आम्ही मराठी शिकविणाऱ्यांनी त्याची कविता दोनदा तपासली होती, आणि शुद्धलेखनापलीकडे आमचाही हात गेला नव्हता.

यानंतर त्याच बाईंनी दोन ओव्या म्हटल्या. मग दुसरीने तीन. पुढचा अर्धा तास मुले श्रोते झाली. पाहणाऱ्याला आश्चर्य वाटावे, पण त्यात नवल काही नव्हते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालविलेल्या उपक्रमात महाराष्ट्रभरच्या बायांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या आहेत. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातही त्या नोंदविल्या गेल्या, आणि तिथल्या बायांच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत. म्हणजे ज्यांना आम्ही कविता ऐकवायला गेलो होतो त्यांच्या घरात कविता आमच्या वाङ्मय मंडळाच्या पुष्कळ आधीपासून होती. आपल्या विद्यार्थ्यांना हे पाठ्यपुस्तकातून कळले असते. पण स्वतःची आजी कवयित्री असू शकते, हे कळण्यासाठी तळावर जावे लागले.

आता ती राहिलेली चर्चा. एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याने, ज्यांचे सभागृहाच्या बांधकामास मोठे साहाय्य झाले आहे, आम्हांस स्पष्ट शब्दांत विचारले, “गुरुजी, आमच्या बापजाद्यांना कुणी छपराखाली घेतलं नाही. आम्ही छप्पर बांधून दिलं. आणि तुम्ही पोरांना पुन्हा उघड्यावर नेता?” हा प्रश्न टाळण्याजोगा नाही, आणि तो विचारणाऱ्याचा अधिकारही मोठा आहे.

उघड्यावर असणे ही आपल्याकडे कधी हौस नव्हती. चोखोबांचे अभंग वारीत शतकानुशतके गाइले गेले, पण त्यांना स्वतःला देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरवायची तर मंडपाला जागा मिळेना. अखेर एका मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. आंबेडकरी जलसे चाळींच्या पटांगणांत, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत, कंदिलाच्या उजेडात झाले. भीमराव कर्डकांच्या फडाला किंवा पुढे वामनदादांना नाट्यगृह नकोसे होते असे नव्हे. त्या काळी ते त्यांच्यासाठी उघडत नव्हते. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात विद्यालय सुरू केले आणि तिथे झाडाखाली वर्ग भरतात, याचे आपण कौतुक करतो. परंतु ज्याच्या घराला छप्पर आहे त्याला झाडाखालचा वर्ग रम्य वाटतो. ज्याची शाळाच वर्षानुवर्षे झाडाखाली राहिली त्याला तो तसा वाटत नाही. म्हणून २ मार्च १९५८ रोजी दादरच्या बंगाली हायस्कूलमध्ये पहिले दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा चार भिंतींच्या आत स्वतःचे साहित्य संमेलन असणे ही केवढी गोष्ट होती, हे आम्ही जाणतो.

पण त्याच १९५८ सालची, पार दुसऱ्या टोकाची एक घटना आम्हांस पुनःपुन्हा आठवते. २९ जुलै रोजी मॉस्कोत कवी मायकोव्हस्की यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ठरलेल्या कवींनी चौकात कविता वाचल्या. ते थांबल्यावर गर्दीतली माणसे पुढे येऊन आपापल्या कविता म्हणू लागली, आणि मग तरुण मुले संध्याकाळी त्या पुतळ्यापाशी जमू लागली. सोव्हिएत राजवटीत सभागृहांची वाण नव्हती. तिथे काय वाचावे आणि कुणी वाचावे हे मात्र वरून ठरत असे. ती वाचने बंद पाडण्यात आली, १९६० साली पुन्हा सुरू झाली, आणि १९६१ मध्ये पुरती मोडण्यात आली. ओसिपोव्ह, कुझ्नेत्सोव्ह आणि बोक्श्टाइन या तिघांना पाच ते सात वर्षांच्या शिक्षा झाल्या. सभागृह असूनही माणसे चौकात का जातात, याचे उत्तर त्या चौकात होते. तिथे श्रोता उठून कवी होऊ शकत होता. आपल्या तळावर ती ओवी म्हणणारी बाई उठली तेव्हा याहून वेगळे काय झाले?

तरी आम्ही मॉस्कोचे नाव घेऊन स्वतःला मोठे करून घेऊ इच्छीत नाही, कारण याच बाबतीत आमची एक कमतरता उघड करायची आहे. दुसऱ्या वर्षी जागेला रुकार देताना मुकादम म्हणाले होते, “सर, वाचा की कविता. फकस्त उचलीवर पोरांनी काही बोलू नये बघा.” आमच्याकडे उचलीवरची एक कविता होती, दहावीतल्या मुलाची, आणि ती त्या वर्षीची उत्तम कविता होती. त्याचे आई-वडील त्याच मुकादमाकडे होते. आम्ही मुलाला सारे सांगितले; त्याने क्षणभर विचार केला आणि ती कविता बाजूला ठेवून दुसरी म्हटली. पुढे जानेवारीत सभागृहात त्याने उचलीची कविता वाचली आणि सभागृह स्तब्ध झाले. आम्ही त्याला तळावर थांबविले नव्हते, असे आम्ही म्हणू शकतो. पण सांगण्याचा अर्थ त्याला कळला होता, हेही खरे. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर मंडळातल्या आम्हां चौघांचे आजही एकमत नाही.

म्हणूनच त्या ज्येष्ठांस आमचे सांगणे आहे की आपण दिलेले छप्पर वाया गेलेले नाही. उचलीची कविता निर्धास्तपणे वाचता येईल अशी जागा आपल्या मुलांना मिळाली ती आपल्यामुळे. जलसाकारांना दुसरी जागा नव्हती. आमच्याकडे आहे, तिची किल्ली आमच्याच कपाटात असते. पण त्या जागेत उचलीची कविता ऐकली ती पाहुण्यांनी आणि आम्ही. जिच्या अंगावर उचल होती तिने ती अद्याप ऐकलेली नाही. सभागृहात बोलता येते आणि आई नसते. तळावर आई असते आणि सगळे बोलता येत नाही. यातले एक निवडून प्रश्न सुटत नाही, तेव्हा तूर्त दोन्हीकडे जावे, असे आमचे मत आहे.

आणखी एक आक्षेप कुणी मोठ्याने घेतला नाही, एका मुलीने आम्हांस एकटीने येऊन सांगितला. नववीतली मुलगी. म्हणाली, “सर, माझी कविता घ्या, पण मी येणार नाही. मैत्रिणींना आमची कोपी दाखवायची नाही मला.” आम्ही तिला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. दारिद्र्याची लाज वाटू नये असे प्रवचन देणे सोपे असते. ते देणारा रात्री पक्क्या घरात झोपतो. तेव्हापासून नियम असा की जे मूल स्वतःहून येईल तेच येईल, आणि ज्या कुटुंबाच्या तळावर जायचे त्याला आधी विचारले जाईल. दुसरा नियम छायाचित्रांचा. एका हितचिंतकांनी वार्ताहर बोलावण्याची सूचना केली होती, आणि विद्यालयाचे नाव होईल हा त्यांचा हेतू चांगलाच होता. पण दिवसभर मोळ्या वाहून आलेल्या बाईने ज्या कपड्यांत शेकोटीपाशी बसून मुलाची कविता ऐकली, त्या कपड्यांत ती वर्तमानपत्रात यावी का, हे तिला विचारण्याचे धाडस आम्हांस झाले नाही. या स्मरणिकेत त्या संध्याकाळचे छायाचित्र नाही ते यामुळे.

आमची मागणी तशी लहान आहे. तळावरचे कवितावाचन विद्यालयाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत तारखेविना धरले जावे. व्यवस्थापन समितीला तारखेविना कार्यक्रम मंजूर करणे अवघड वाटते, हे आम्ही जाणतो. ‘डिसेंबर, मुकादमाच्या फोननंतर’ असे लिहिले तरी चालेल. सत्कार, शाल, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक यांतील काहीही तिथे नसावे. कविता दहा-बारा ओळींच्या, पाठ केलेल्या असाव्यात आणि साडेआठला सर्व आटोपावे, कारण त्या माणसांना पहाटे तीनला उठायचे असते. सभागृहासाठी नवा ध्वनिक्षेपक देऊ इच्छिणाऱ्या दात्यांस विनंती की त्यांनी यंदा टेम्पोचे डिझेल द्यावे. आणि जे माजी विद्यार्थी साखर कारखान्यांच्या परिसरात नोकरीस आहेत त्यांनी पंधरा-वीस मुलांच्या एका रात्रीच्या मुक्कामाची सोय कोणत्या गावी होऊ शकेल ते कळवावे.

पहिल्या वर्षी ज्याची कविता राहून गेली तो मुलगा आता नववीत आहे. दुसऱ्या वर्षी त्याचे आई-वडील दुसऱ्या टोळीबरोबर कर्नाटकात गेले होते, तिथवर आम्हांस पोहोचता आले नाही. त्याचा तो कागद वाङ्मय मंडळाच्या फाइलीत आहे. कविता त्याला आता पाठ आहे. यंदा त्याचे आई-वडील कोणत्या कारखान्यावर आहेत याची चौकशी चालू आहे. मुकादमाचा फोन नंबर मिळाला आहे.